तीनशे एकरांचा दुवा : लिंकन घराण्याच्या स्थलांतरांचा माग

मार्च १८४८. अब्राहम लिंकन तेव्हा इलिनॉयमधून निवडून आलेले काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, नवे सदस्य होते आणि वॉशिंग्टनमध्ये राहत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावाहून आलेलं एक पत्र काँग्रेसमधले सहकारी हेल यांनी त्यांच्या हाती दिलं. लिहिणाऱ्याचं आडनावही लिंकनच होतं : सॉलोमन लिंकन. या गृहस्थांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. हिंगममध्ये दोनशे वर्षं लिंकन नांदत होते, तेव्हा हे पश्चिमेकडचे लिंकन आपल्यापैकीच आहेत का, असं त्यांना विचारायचं होतं.

लिंकन यांनी ६ मार्चला उत्तर पाठवलं, आणि ते प्रांजळ आहे. वडिलांचं नाव थॉमस, आजोबांचं अब्राहम. आजोबा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी तिथल्या मूलनिवासींच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, अशी घरात एक पुसट आठवण आहे. त्यामागचं काहीच ऐकलेलं नाही. अब्राहम आणि मॉर्डेकाय ही नावं आमच्यात पुष्कळ आहेत. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या आसपासच्या मुलखातल्या, लिंकनांत सर्रास दिसणारं लेव्ही हे नाव मात्र आमच्यात कुणाचं असल्याचं मला ठाऊक नाही.

पुढे १८५९ मध्ये त्यांनी छोटं आत्मवृत्त लिहून दिलं, त्यातही हीच अडचण आहे. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण इनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागलं नाही, असं ते म्हणतात. १८६५ मध्ये त्यांची हत्या झाली तेव्हाही घराण्याचं मूळ गाव त्यांना खात्रीनं माहीत नव्हतं.

आज ते माहीत आहे. इंग्लंडमधल्या नॉरफकपासून इलिनॉयपर्यंत सात पिढ्यांचा मुक्काम दर मुक्काम माग लागला आहे. कुलवृत्तांताच्या कामात रस असणाऱ्यांना हे प्रकरण मी नेहमी सुचवतो. यात वंशावळीच्या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एका घराण्यात भेटतात. शिवाय जो दुवा लिंकन यांना नावांत सापडला नाही, तो शेवटी जमिनीच्या कागदांत सापडला. माणूस गाव सोडून जातो, पण मागे राहिलेली जमीन त्याला सहज सोडत नाही. तिच्या विक्रीसाठी, वाटणीसाठी, वारसा सिद्ध करण्यासाठी त्याला किंवा त्याच्या मुलाला कधीतरी परत यावं लागतं, निदान सही पाठवावी लागते. त्या सहीच्या कागदावर जुनं गाव आणि नवं गाव एका ओळीत येतात.

आता लिंकन यांच्यापासून मागे मागे जाऊ. वंशावळीचं काम असंच करायचं असतं. आधी एखादा नामांकित मूळपुरुष धरायचा आणि तिथून खाली आपल्यापर्यंत उतरायचं, असं केलं की माणूस हमखास फसतो.

पहिला प्रश्न आजोबांचा. लिंकन यांचे आजोबा, ज्यांना कॅप्टन अब्राहम म्हणतात, व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या स्थानिक सैन्यात, कॅप्टन होते. शेनंडोआ खोऱ्यातल्या लिनव्हिल क्रीकवरची २५० एकर जमीन त्यांनी फेब्रुवारी १७८० मध्ये पाच हजार पौंडांना विकली. आकडा ऐकून दचकायला होतं, पण स्वातंत्र्ययुद्धामुळे कागदी चलनाची किंमत पार घसरली होती. त्याकाळच्या कागदावर रक्कम दिसली की ती कोणत्या चलनातली आणि कोणत्या वर्षाची हे आधी पाहायचं, नाहीतर गरीब शेतकरी आपल्याला जमीनदार वाटू लागतो. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी केंटकीतल्या जमिनीची वॉरंटं विकत घेतली. वॉरंट म्हणजे अमुक इतकी एकर जमीन निवडून मोजून घेण्याचा सरकारी हक्क. ४०० एकरांना १६० पौंड पडले. त्यांच्या पत्नीनं विकलेल्या जमिनीवरचा आपला हक्क सोडला तो मात्र सप्टेंबर १७८१ मध्ये, तोही व्हर्जिनियात. पतीनं जमीन विकली तरी पत्नीचा हक्कसोड वेगळा घ्यावा लागे, आणि तिला नवऱ्याच्या माघारी विचारून तो नोंदवला जाई. म्हणजे सप्टेंबर १७८१ पर्यंत कुटुंब व्हर्जिनियातच होतं. नातवानं आत्मवृत्तात सांगितलेलं ‘१७८१ किंवा ८२’ हे साल कागदाशी बरोबर जुळतं. बायकांची नावं त्या काळच्या दप्तरात फार कमी येतात, आणि इथे तर एका स्त्रीच्या सहीनं स्थलांतराचं वर्ष ठरवलं. हक्कसोडीची पानं कुणी उलटून न पाहता सोडू नयेत.

आजोबांच्या मृत्यूच्या सालाबाबत मात्र घरची आठवण चुकली. केंटकीला गेल्यावर दोन वर्षांत, म्हणजे १७८४ च्या आसपास ते मारले गेले आणि तेव्हा वडील सहा वर्षांचे होते, असं लिंकन सांगत. पण जेफर्सन काउंटीत ७ मे १७८५ ची एक मोजणी आहे. फ्लॉइड्स फोर्कच्या लाँग रन या ओढ्यावर ४०० एकर, ‘अब्राहम लिंकहॉर्न’ यांच्यासाठी. मोजणीची साखळी धरणारे दोघे, जोसाया आणि अनानाया लिंकन. खुणा करणारा म्हणून नाव खुद्द अब्राहम लिंकहॉर्न. मेलेला माणूस झाडांवर कुऱ्हाडीनं खुणा करत फिरत नाही. मृत्यू १७८६ चा, आणि थॉमस तेव्हा आठ वर्षांचा होता.

दोन वर्षांचा फरक क्षुल्लक वाटेल. तरी ही तारीख नीट लावणं भाग आहे. व्हर्जिनियात (केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता) मृत्युपत्र न करता बाप वारला तर जमीन सगळ्यात थोरल्या मुलाकडे जाण्याचा जुना कायदा होता. तो रद्द झाला १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन अब्राहम वर्षभर आणखी जगले असते, तर जमीन सगळ्या मुलांत वाटली गेली असती. ती गेली एकट्या थोरल्या मॉर्डेकायकडे. धाकटा थॉमस लहानपणापासून मजुरी करत भटकला, लिहायला-वाचायला जवळजवळ शिकलाच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या वडिलांच्या गरिबीचं एक कारण एका कायद्याच्या अंमलबजावणीच्या तारखेत दडलेलं आहे. वंशावळ मांडताना नुसती जन्ममृत्यूची वर्षं लिहून पुढे जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि ‘लिंकहॉर्न’. हे आडनाव बघून एखादा नवखा पान उलटून पुढे जाईल. कारकून कानावर पडेल तसं लिहीत होता, आणि केंटकीच्या सीमेवर त्याच्या कानावर पडलं ते हे. पुढे आपल्याला लिंकॉन भेटेल, लिंकॉर्न भेटेल. ज्यांना मोडीतली जुनी कागदपत्रं वाचायची सवय आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. शोधताना आडनाव तोंडानं म्हणून बघायचं आणि ते ज्या ज्या तऱ्हेनं लिहिलं जाऊ शकेल, त्या सगळ्या तऱ्हा तपासायच्या.

केंटकीतच आणखी एक प्रसंग आहे. लिंकन यांच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद मिळत नव्हती. शोध हार्डिन काउंटीत झाला, कारण थॉमस तिथे राहत होता आणि अब्राहमचा जन्मही तिथलाच. नोंद नाही म्हणताच बोलणाऱ्यांची तोंडं सुटली, आणि लग्न झालंच नसेल इथपर्यंत गोष्ट गेली. नोंद होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत. १० जून १८०६ चा लग्नाचा बाँड, म्हणजे लग्नाआधी कचेरीत लिहून दिलेली हमी, त्यावर थॉमसबरोबर रिचर्ड बेरी यांची सही, आणि १२ जूनला लग्न लावल्याची धर्मोपदेशक जेसी हेड यांनी कचेरीत दिलेली नोंद. नॅन्सी हँक्स बेरी कुटुंबात राहत होती आणि ते घर वॉशिंग्टन काउंटीत होतं. लग्न मुलीकडे लागलं, म्हणून नोंद मुलीच्या काउंटीत. हे कागद १८७० च्या दशकाच्या शेवटी कचेरीतून बाहेर आले, तोवर लिंकन जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. एका माणसाच्या आईच्या नावावरचा डाग इतकी वर्षं टिकला, तो शोधणाऱ्यांनी मुलाकडचंच दप्तर उघडलं म्हणून. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं. आपल्याकडेही लग्नं बहुधा मुलीच्या गावी लागत. आजीच्या लग्नाची नोंद आजोबांच्या गावी शोधून हात हलवत परतलेले किती जण असतील!

आता पणजोबांकडे. लिंकन यांनी इथे स्वतः काम केलं, आणि नीट केलं. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉवेल तेव्हा काँग्रेसमध्येच होते. रॉकिंगहॅम काउंटीत डेव्हिड लिंकन नावाचे एक गृहस्थ राहतात असं त्यांच्याकडून कळताच लिंकन यांनी डेव्हिडना २४ मार्चला पत्र टाकलं. उत्तर आलं, आणि नातं पटलं : डेव्हिड हे कॅप्टन अब्राहमच्या सख्ख्या भावाचे, जेकबचे, पुत्र. २ एप्रिलला लिंकन यांनी पुन्हा लिहिलं आणि मोजके प्रश्न विचारले. तुमच्या आणि माझ्या घराण्याचा तो जो मूळ माणूस, त्याचं नाव काय? तो क्वेकर होता का? पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून तो व्हर्जिनियाला कधी आला? त्याच्यामागचं काही ठाऊक आहे का?

नात्यातल्या वडीलधाऱ्याला विचारायचे प्रश्न असेच असावेत. ‘घराण्याविषयी सांगा’ असं म्हटलं की मोघम उत्तर येतं. नाव, वर्ष, ठिकाण विचारलं की ज्याला जे आठवतं ते तो सांगतो. डेव्हिड पुढच्याच वर्षी वारले. लिंकन यांनी पत्र आणखी वर्षभर लांबवलं असतं तर तो धागाही गेला असता.

त्या मूळ माणसाचं नाव जॉन. व्हर्जिनियातला पहिला म्हणून त्याला ‘व्हर्जिनिया जॉन’ म्हणतात. १७६८ मध्ये त्यानं लिनव्हिल क्रीकवर ६०० एकर जमीन २५० पौंडांना घेतली, आणि १७७३ मध्ये तिच्यातला २१० एकरांचा तुकडा मुलगा अब्राहमला दिला.

घरच्या आठवणीतला ‘बर्क्स’ हा शब्द इथे जपून बघायला हवा. बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. फिलाडेल्फिया, लँकेस्टर आणि चेस्टर या तीन जुन्या काउंट्यांचे तुकडे जोडून. ज्या घराण्याला ‘आम्ही बर्क्सचे’ असं आठवतं ते १७५२ नंतरच तिथून निघालेलं असणार, कारण त्याआधी ते नावच नव्हतं. जॉन व्हर्जिनियाला गेला १७६८ च्या सुमारास, तेव्हा आठवण आणि कागद जुळले. पण त्याच्या बापाचं मृत्युपत्र बर्क्सच्या कचेरीत शोधलं तर मिळणार नाही. बाप वारला १७३६ मध्ये, तेव्हा ते गाव फिलाडेल्फिया काउंटीत होतं आणि मृत्युपत्र फिलाडेल्फियाला गेलं. घर जागचं हललं नाही, काउंटी बदलली. व्हर्जिनियात हेच. लिनव्हिल क्रीक १७७८ पर्यंत ऑगस्टा काउंटीत, त्यानंतर रॉकिंगहॅममध्ये. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं आणि रायगडच्या जुन्या कागदांवर कुलाबा असतं, हे आपल्याला सवयीचं आहे. अमेरिकेत सीमा पश्चिमेकडे सरकत होती, त्यामुळे दर पंधरा-वीस वर्षांनी नवी काउंटी निघे. तिथल्या पूर्वजाचा माग काढणाऱ्यानं आधी काउंट्यांच्या फाळणीचं कोष्टक भिंतीवर लावावं आणि मगच दप्तराच्या कचेरीची पायरी चढावी.

क्वेकर असल्याची आठवण अर्धीच खरी आहे. बर्क्समधल्या एक्झिटर गावी, जिथे लिंकन राहत, शेजारीपाजारी क्वेकरांची दाट वस्ती होती, त्यात डॅनियल बून यांचं घराणंही होतं. जॉनचा सावत्र भाऊ अब्राहम यानं त्याच बूनांपैकी अ‍ॅन बूनशी लग्न केलं, ते क्वेकर मंडळीच्या रीतीबाहेरचं होतं, म्हणून अ‍ॅनला मंडळीपुढे कबुली द्यावी लागली. नवरा क्वेकर असता तर हा प्रसंगच आला नसता. शेजाऱ्यांचा आणि सुनेचा धर्म दोन पिढ्यांनी घराण्याचा धर्म म्हणून आठवला जातो. शेजारी मात्र दुसऱ्या तऱ्हेनं फार उपयोगी पडतात : बूनही शेनंडोआ खोऱ्याच्याच वाटेनं दक्षिणेला उतरले, आणि केंटकीची वाट मोठी करणारे डॅनियल बून त्यांच्यातलेच. लिंकन आणि बून ही दोन घराणी पेनसिल्व्हेनियापासून केंटकीपर्यंत पुन्हा पुन्हा एकमेकांजवळ दिसतात. माणसं एकटी जात नसत. कुणी नजरेआड झालं की शेजाऱ्यांची नावं धरून पुढे जायचं, बहुतेक वेळा हरवलेला माणूस त्यांच्याच आसपास सापडतो.

आणि आता खरा प्रश्न. पेनसिल्व्हेनियाच्या या जॉनचा बाप मॉर्डेकाय. हिंगमच्या लिंकनांतही मॉर्डेकाय आहेत. हाच तो का? १८५९ मध्ये लिंकन इथेच थांबले होते, नावांच्या सारखेपणाशी. ते थांबले हे मला त्यांच्या स्वभावाला साजेसं वाटतं. पुरावा नसताना नातं जोडण्याचा मोह त्यांना झाला नाही. नातं जुळलं असतं तर मोठ्या गव्हर्नर घराण्याशी जुळणार होतं, तरीही.

हा दुवा सॅम्युएल शॅकफर्ड यांनी शोधला आणि १८८७ मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशावळ संस्थेच्या त्रैमासिकात मांडला. पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स यांच्या मध्ये न्यू जर्सी हा एक मुक्काम होता, आणि तो कुणालाच आठवत नव्हता. तीन वेगवेगळे कागद एकत्र ठेवल्यावर तो उजेडात आला.

पहिला कागद १७२० चा, न्यू जर्सीतला. रिचर्ड सॉल्टर यांनी मॅचापॉनिक्स नदीवरची जमीन मॉर्डेकाय लिंकनला दिली. मॉर्डेकायची बायको हॅना ही सॉल्टरांचीच मुलगी, म्हणजे हा सासऱ्याकडून जावयाकडे गेलेला व्यवहार. मॅचापॉनिक्स हे नाव तिथल्या लेनापे लोकांचं आहे. ज्यांची ही जमीन होती ते या कागदात नावापुरते, नदीच्या नावापुरतेच उरले आहेत.

दुसरा कागद पेनसिल्व्हेनियातलं मृत्युपत्र. मॉर्डेकायनं ते फेब्रुवारीत केलं आणि जूनमध्ये ते मंजूर झालं. फेब्रुवारीचं साल ‘१७३५/३६’ असं दुहेरी लिहिलेलं असतं. इंग्रजांच्या मुलखात १७५२ पर्यंत कायद्यानं नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन सालं पडतात. हे न कळल्यानं मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मला किंवा मृत्युपत्र मेल्यानंतर झालं, असले घोटाळे वंशावळींत होतात. या मृत्युपत्रात मॉर्डेकाय थोरल्या जॉनला पेनसिल्व्हेनियातलं शेत देत नाही. ते दुसऱ्या बायकोच्या मुलांना. जॉनला दिलं काय, तर जर्सीमधली तीनशे एकर जमीन.

तिसरा कागद ८ नोव्हेंबर १७४८ चा, पुन्हा न्यू जर्सीच्या दप्तरात. पेनसिल्व्हेनिया, लँकेस्टर काउंटी, कार्नार्व्हन इथला ‘जॉन लिंकॉन’ मिडलसेक्स काउंटीतली ३०० एकर जमीन विल्यम डाय यांना विकतो. खतात लिहिलं आहे की ही तीच जमीन, जी रिचर्ड सॉल्टर यांनी मॉर्डेकाय लिंकनला १७२० मध्ये दिली होती.

आपल्या खरेदीखतातही हे येतं. सदर मिळकत आमच्या वडिलांनी अमुक साली अमक्याकडून घेतली, त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली, असा आधीच्या व्यवहारांचा दाखला. विकणाऱ्याचा हक्क पक्का दिसावा म्हणून तो घालायचा, वंशावळीसाठी नव्हे. तरी वंशावळीला याहून भक्कम पुरावा शोधून मिळत नाही. बाप कोण हे इथे प्रौढीनं सांगितलेलं नाही, पैसे देणाऱ्या तिऱ्हाइताला पटावं म्हणून सांगितलं आहे. दोन वसाहतींच्या दप्तरांतले, तीन हेतूंनी लिहिलेले कागद एकाच जमिनीकडे बोट दाखवतात. म्हणजे न्यू जर्सीचा मॉर्डेकाय आणि पेनसिल्व्हेनियाचा मॉर्डेकाय एकच, आणि जॉन त्याचा मुलगा. लिंकन यांनी डेव्हिडना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या १८४८ साली बरोबर शंभर वर्षांचं होऊन जर्सीच्या एका बाडात पडून होतं.

न्यू जर्सीहून मॅसॅच्युसेट्सला जायला आणखी एक पूल लागतो. सिच्युएट गावचा एक मॉर्डेकाय लिंकन, धंद्यानं लोहार, हिंगममध्ये १६५७ मध्ये जन्मलेला. त्याचे थोरले दोन मुलगे मॉर्डेकाय (१६८६) आणि अब्राहम. अब्राहम हे नाव आईकडून आलं, तिचे वडील हल गावचे अब्राहम जोन्स. नातवाला आजोबांचं नाव देण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. नवं नाव घराण्यात शिरलं की ते कोणत्या आजोळाकडून आलं ते शोधावं. हे दोघे भाऊ सिच्युएटच्या दप्तरातून तरुणपणीच दिसेनासे होतात, आणि त्याच सुमारास न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत मॉर्डेकाय आणि अब्राहम लिंकन नावाचे दोन भाऊ उगवतात, तेही लोहारकाम आणि लोखंडाच्या धंद्यातले. पेनसिल्व्हेनियात गेल्यावरही मॉर्डेकाय कॉव्हेंट्री इथल्या लोखंडाच्या भट्टीत भागीदार होताच. १७२५ मध्ये त्यानं आपला एक-तृतीयांश हिस्सा ५०० पौंडांना विकला. म्हातारा लोहार १७२७ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात घरदार आणि गिरणी गावात राहिलेल्या मुलांना, तर मॉर्डेकाय आणि अब्राहम यांना रोख रक्कम. परगावी गेलेल्याला जमीन देऊन उपयोग नाही, त्याला पैसे देतात. मृत्युपत्रात कुणाला रोख मिळाली हे बघितलं की घर सोडून कोण गेलं ते बहुतेक वेळा कळतं.

नाव, भावाची जोडी, धंदा, काळ आणि बापाच्या मृत्युपत्रातली रोख, असे पाच धागे एका बाजूला ओढतात. नुसतं नाव असतं तर मी विश्वास ठेवला नसता, आणि त्याचं कारण हिंगम गावच देतं. गावाच्या सुरुवातीच्या काळात तिथे थॉमस लिंकन नावाचे चार जण एकाच वेळी राहत होते. गावकारकुनानं त्यांना धंद्यानं ओळखलं : थॉमस विणकर, थॉमस गिरणीवाला, थॉमस पिंपं बनवणारा आणि थॉमस शेतकरी. जोडनाव वाचायचं राहिलं की चार माणसांचा एक होतो आणि एकाच माणसाला दहा वर्षांत चार बायका लागतात. केंटकीत लिंकन काउंटी आहे हे पाहून तिथलं दप्तर उघडायला धावणाऱ्यांनाही सांगायला हवं की ते नाव जनरल बेंजामिन लिंकन यांच्यावरून आहे. तेही हिंगमचेच, पण पिंपंवाल्या थॉमसच्या वंशातले. राष्ट्राध्यक्षांची शाखा वेगळी.

ती शाखा विणकर थॉमसच्या भावाची, सॅम्युएलची. सॅम्युएल हा अमेरिकेत आलेला पहिला. एप्रिल १६३७ च्या प्रवाशांच्या यादीत नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. नोकरांपैकी एक ‘सॅम्युएल लिंकॉर्न’, वय १८. पण नॉरफकमधल्या हिंगमच्या चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा ऑगस्ट १६२२ चा आहे, म्हणजे वय पंधराच्या आत. वय वाढवून सांगितलं असावं. पोरसवदा नोकरापेक्षा धडधाकट जवान दाखवणं मालकाच्या सोयीचं होतं. अशी विसंगती दिसली की काही जण घाबरून दोन वेगळे सॅम्युएल मानतात. माझ्या मते यादीतलं वय हा सर्वांत कच्चा पुरावा. भावांची नावं, मूळ गाव, विणकराचा धंदा आणि पुढे त्यानं सेलममधून हिंगमला भावांजवळ जाऊन घर करणं, या चार गोष्टींपुढे ते टिकत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगमला नाव मिळालं तेच नॉरफकच्या हिंगमवरून, तिथल्या पाद्र्यांबरोबर अख्ख्या गल्ल्या उठून आल्या होत्या म्हणून. सॅम्युएल १६९० मध्ये तिथेच वारला. त्याचा मुलगा लोहार मॉर्डेकाय, नातू जर्सीचा मॉर्डेकाय, पणतू जॉन, मग कॅप्टन अब्राहम, थॉमस, आणि अब्राहम लिंकन. विणकाम शिकाऊ पोरापासून ही सात नावांची ओळ.

सप्टेंबर १८४८ मध्ये लिंकन प्रचारासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरी गेले होते, तेव्हा माजी गव्हर्नर लेव्ही लिंकन यांच्या घरी जेवायला होते. लेव्ही सॅम्युएलच्याच थोरल्या मुलाच्या वंशातले. एका पूर्वजाचे दोन वंशज एका टेबलाशी बसून जेवले. आडनाव एक आहे इतकंच त्या संध्याकाळी सांगता येत होतं.

न्यू जर्सीच्या अप्पर फ्रीहोल्ड भागात एका जुन्या खासगी दफनभूमीत एक लहान दगड आहे. त्यावर डेबोरा लिंकन, वय तीन वर्षं चार महिने, १५ मे १७२०, एवढं कोरलेलं आहे. मॉर्डेकाय आणि हॅनाची ही मुलगी. सासऱ्यानं मॅचापॉनिक्सची जमीन दिली त्याच वर्षी ती गेली, आणि थोड्याच काळात घर पेनसिल्व्हेनियाला हललं. जॉन तेव्हा चार वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांनी त्यानं जर्सीची जमीन विकली, तेव्हा त्या भागात त्याच्या माणसांपैकी हा दगडच उरला होता.